वर्षभर अटक नाही

खात्यात त्यांना सगळे टक्केबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण सरकारी खात्यात पाठीमागची गोष्ट समोर पोचायला फारसा वेळ लागत नाही. एकदा एका नव्या कारकुनाला वाटलं, या बाई प्रत्येक कामात आपला टक्का मागतात. तो बिचारा आठवडाभर त्यांच्यापासून फायली लपवत फिरला. खरं तर टक्केबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नव्हता. त्या टक्के खात नसत, काढत असत. तुरुंगातून सुटलेले किती जण परत आत येतात, नशेच्या गुन्ह्यात पकडलेल्याला कोठडीत टाकलं तर काय होतं आणि दवाखान्यात पाठवलं तर काय होतं, हे मोजायचं आणि सरकारला सांगायचं, हा त्यांचा धंदा होता. नोकरी नव्हे. पाटी होती 'स्वतंत्र सल्लागार' अशी, आणि ऑफिस म्हणजे घरातलीच मागची खोली. एक टेबल, दोन स्क्रीन, कोपऱ्यात जुने अहवाल आणि खुर्चीत बसून बसून धरलेले गुडघे.

"उंटावरून शेळ्या हाकायचं काम," असं त्यांचे यजमान म्हणत. ते निवृत्त गणित शिक्षक, घरीदारी सगळ्यांचे मास्तर. म्हणत, पण बायकोचा अहवाल आला की चष्मा पुसून बसत आणि एकेक बेरीज तपासत. बायकोच्या बेरजेत आजवर एकदाही चूक सापडली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता आणि थोडा रागही.

एक मात्र कबूल करायला हवं. या बाईंनी नुसते आकडे काढले नव्हते. 'तुरुंगाऐवजी उपचार' ही योजना त्यांच्याच अहवालांवर उभी राहिली. नशेची पुडी सापडली म्हणून पकडलेल्या माणसाला कोठडीत न टाकता तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं, नशा सोडवायची, घरी पाठवायचं. त्यानंतर वर्षभर पुन्हा अटक झाली नाही, तर खटला रद्द. योजना चालली की नाही हे कसं मोजायचं, यावर पूर्वी नुसता गोंधळ होता. डॉक्टर म्हणायचे लघवी तपासा, न्यायाधीश म्हणायचे पश्चात्ताप बघा, आणि पोलीस म्हणायचे आम्ही डोळ्यांत बघूनच ओळखतो. टक्केबाईंनी एकच मोजपट्टी दिली: वर्षभर अटक नाही. नाही म्हणजे यशस्वी, आहे म्हणजे अयशस्वी. शेंबड्या पोरालाही कळेल. परदेशातली माणसं ती मोजपट्टी उसनी न्यायला यायची, टक्केबाईंबरोबर फोटो काढायची.

आणि आता योजनेचा कायदा होणार होता. शुक्रवारी समितीपुढे टक्केबाईंचा अहवाल जायचा, आणि तो गेला की देशभर सगळीकडे हीच योजना, आहे तशी, लागू व्हायची. एका बाईच्या जन्माचं सार्थक व्हायला आणखी काय लागतं?

अहवालात फक्त पहिल्या पानावरची चौकट उरली होती. टक्केबाईंच्या प्रत्येक अहवालाची सुरुवात एका चौकटीने होई: योजनेतून बाहेर पडलेल्या एका यशस्वी माणसाची गोष्ट. कारण मंत्री पहिल्या पानाच्या पुढे जात नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. चौकटीचा त्यांचा नियम कडक होता. स्वतः घरी जायचं, ऐकायचं, लिहायचं. मग परत जाऊन लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि तो हो म्हणाला तरच छापायचं. कोणाकडे जायचं हे मात्र केंद्रवाले ठरवत. ते यादीतले फोन फिरवत, जो उचलेल त्याला तयार करत, आणि टक्केबाई जात तेव्हा तो माणूस केस विंचरून बसलेला असे.

या खेपेला एका वर्तमानपत्राने चिमटा काढला, की या चौकटीतली माणसं फारच गोड असतात बुवा. टक्केबाईंच्या नाकाला मिरची झोंबली. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत आपल्या हाताने उचलायला हवं. त्यांनी यशस्वींच्या यादीतून स्वतः चिठ्ठी काढली. एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची निघाली. फोन लागेना. पत्ता होता. म्हणून मंगळवारी सकाळी, हातात बिस्किटांचा डबा घेऊन, त्या न कळवताच निघाल्या.

इमारत जुनी होती, जिन्याला फिनेलचा वास होता आणि लिफ्टच्या दाराला 'बंद आहे' अशी पुठ्ठ्याची पाटी. लिफ्टवाल्याच्याच घरी लिफ्ट बंद, हे चौकटीत छान दिसेल, असं मनात म्हणत टक्केबाई तिसऱ्या मजल्यापर्यंत गुडघे ओढत गेल्या. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. बेल वाजवल्यावर तो थांबला. दार उघडणाऱ्या बाईंच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून त्यांनी विचारलं, "पडद्यांसाठी आलात का? ते उद्या होतील."

"नाही, नाही. मी उपचार योजनेकडून आले. तुमचे चिरंजीव आहेत का घरी? अभिनंदन करायला आलेय त्यांचं."

 बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "या ना मॅडम, आत या. मला या इमारतीत सगळे मशीनवाल्या काकू म्हणतात. मला वाटलं नव्हतं, कुणी एवढं लक्षात ठेवून येईल म्हणून. तो काय, तिथे."

त्यांनी भिंतीकडे हात केला. भिंतीवर एका तिशीच्या माणसाचा हसरा फोटो होता. फोटोशेजारी काचेच्या फ्रेममध्ये योजनेचं प्रमाणपत्र. टक्केबाईंनी दोन्ही बघितलं, आणि खरं सांगायचं तर त्या त्याखालच्या कोचावर माणूस शोधू लागल्या. नंतर कितीतरी दिवस त्यांना त्या शोधण्याची लाज वाटत होती.

"तो नाही आता, मॅडम," काकू म्हणाल्या. "केंद्रातून आला आणि पंधरवड्यातच गेला. बाथरूममध्ये."

टक्केबाईंची दातखीळ बसायला हवी होती, पण झालं उलटंच. त्यांचं तोंड आपोआप चालू राहिलं. "पण यादीत... यादीत तर ते यशस्वी आहेत."

"हो ना!" काकू म्हणाल्या, आणि त्या 'हो ना'मध्ये अभिमान होता, अगदी निखळ. "तो गेल्यावर कितीतरी महिन्यांनी आलं हे पोस्टाने. शेजारीपाजारी काय काय बोलत होते. मी म्हटलं, हे बघा. सरकारने तपासून दिलंय. माझा मुलगा सुधारला होता. तो एकदाच काय तो चुकला."

टक्केबाईंनी प्रमाणपत्र वाचलं. वाचायची गरज नव्हती; मजकूर त्यांनीच सुचवलेला होता. 'वर्षभरात एकदाही अटक झाली नाही, याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन. ही वाटचाल अशीच चालू ठेवा.' शेवटचं वाक्य खास त्यांचं. सरकारी पत्राला जरा माणसाचा आवाज हवा, असं त्या म्हणाल्या होत्या. हातातला डबा एकदम जड वाटू लागला.

काकूंनी चहा टाकला आणि सांगत गेल्या, जशी माणसं पुन्हा पुन्हा सांगितलेली गोष्ट सांगतात तशी. तीन महिन्यांत गाल भरून आला होता मुलगा. दुपारची वेळ होती. तो अंघोळीला गेला, नळ सोडलेला, आणि इकडे मशीन चालू, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. "किती वेळ पाणी वाहतंय म्हणून मी ओरडले त्याला, टाकी रिकामी करणार आहेस का. तेच शेवटचं बोलणं माझं." त्यांनी कप टक्केबाईंपुढे ठेवला. "डॉक्टर म्हणाले, घेतलं होतं ते थोडंसंच. मॅडम, पूर्वी तो याच्या दुप्पट पचवायचा हो! मग थोडंसं घेऊन कसा गेला? तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला माहीत असेल."

टक्केबाईंना माहीत होतं. या धंद्यातल्या सगळ्यांनाच माहीत असतं. तीन महिने नशा सुटली की शरीराची सवय मोडते. मग जुन्या अंदाजाने घेतलेला अर्धा डोससुद्धा पेलत नाही, श्वास थांबतो. केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत घातक. त्यांनी ते जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं.

 "म्हणजे बरं झालेल्या माणसालाच जास्त धोका? अगं बाई!" काकू म्हणाल्या, "तरीच पहिल्या खेपेला त्या बाई म्हणायच्या, बाथरूमची कडी काढून टाका."

"पहिल्या खेपेला?"

"हो, तो दोनदा गेला होता ना केंद्रात. चार-एक वर्षांपूर्वी पहिल्यांदा. तेव्हा एक बाई दर आठवड्याला घरी यायच्या. तुम्ही बसलाय ना, त्याच स्टुलावर बसायच्या. कडी काढायला लावली, श्वास अडकला तर नाकात मारायचा औषधाचा फवारा दिला, तो कसा मारायचा ते माझ्याकडून तीनतीनदा करून घेतलं. का ते सांगितलं असेल त्यांनी, माझ्या नाही राहिलं लक्षात. पण एकदा खरंच निळा पडला तो, आणि मी मारला फवारा! उठून बसला आणि मलाच शिव्या दिल्या." काकू हसल्या, डोळे पुसत हसल्या. "पुढे दोन महिन्यांत पकडलंच त्याला परत. पण त्या बाई होत्या तोवर धीर होता. या खेपेला कुणी आलं नाही. मी केंद्रात फवारा मागायला गेले तर खिडकीतला म्हणाला, ते सगळं बंद झालं. आणि यानेच स्वतः कडी परत बसवली. मी म्हटलं, जाऊ दे, एवढा मोठा माणूस, आता तर बरा झालाय. का बंद केलं हो ते?"

 "चौकशी करते मी," टक्केबाई म्हणाल्या, आणि उठल्या.

जिन्यात, त्या बंद लिफ्टच्या दारापाशी, त्यांना कठड्याला धरून उभं राहावं लागलं. चौकशी कसली करणार? गृहभेटी त्यांनीच बंद केल्या होत्या. त्यांच्या मागच्या अहवालात दोन गट होते, एक गृहभेटी असलेला आणि एक नसलेला. भेटी असलेल्या गटात पुन्हा अटक झालेले जास्त निघाले. त्यांनी लिहिलं, गृहभेटींचा उपयोग दिसत नाही, उलट अपाय दिसतो, बंद कराव्यात. खात्याने आनंदाने बंद केल्या. आणि का जास्त निघाले? कारण त्या गटातली माणसं जगली होती. जगली, म्हणून काही जण परत घसरली, पकडली गेली, मोजपट्टीवर नापास झाली. दुसऱ्या गटातली मरत होती आणि पास होत होती. हा लिफ्टवाला एकाच आयुष्यात दोनदा त्यांच्या तक्त्यात आला होता. जिवंत होता तेव्हा अयशस्वी, मेला तेव्हा यशस्वी.

बिस्किटांचा डबा तसाच हातात राहिला होता. तो परत वर नेऊन द्यायची हिंमत त्यांना झाली नाही.

घरी मास्तर शब्दकोडं सोडवत होते. टक्केबाईंनी चपलाही न काढता जुना अहवाल त्यांच्यापुढे टाकला. "अहो, यात जे मेले ते कुठल्या रकान्यात आहेत, सांगा."

मास्तरांनी चष्मा लावला, पान उलटलं, परत उलटलं. "मेलेल्यांचा रकानाच नाही यात."

"म्हणजे ते कुठे गेले?"

 मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. "अगं, पुन्हा पकडलं जायला माणूस आधी जिवंत लागतो."

"तुम्ही तपासला होतात हा अहवाल."

"तपासला होता. बेरीज बरोबर होती."

"बरोबरच होती," टक्केबाई म्हणाल्या, आणि चपला घालूनच कोचावर बसून हुंदके देऊन रडल्या. मास्तरांनी लग्नानंतर त्यांना असं रडताना एकदाच पाहिलं होतं, बाईंची आई गेली तेव्हा. ते शेजारी बसले, आणि कधी नव्हे ते एक शब्दही शिकवला नाही.

एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. म्हणून त्यांनी मृत्यूनोंदणीच्या ऑफिसातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला यशस्वींची सगळी यादी पाठवली. तो पूर्वी कधीच का पाठवली नाही असं विचारेल, अशी त्यांना धास्ती होती. त्याने विचारलं नाही, पण बुधवारी संध्याकाळी फोन करून हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसून बघा." ज्यांच्या घरी भेटी होत होत्या, त्यांच्यातले मेलेले हाताच्या बोटांवर मोजता आले असते. बंद झाल्यावरच्या वर्षांचं पान खाली सरकवावं, तर ते संपेचना. सगळे यशस्वी. सगळ्यांना अभिनंदनाची पत्रं गेली असणार. एवढ्या घरांत ते पाकीट कुणीतरी फोडलं असणार, हे मनात आलं आणि टक्केबाईंना स्क्रीन बंद करावा लागला.

गुरुवारी सकाळी त्या सचिवसाहेबांसमोर बसल्या. साहेबांनी सगळं ऐकलं, टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या झाडाचं एक पान सरळ केलं आणि म्हणाले, "वाईट झालं. फारच वाईट. पण मॅडम, उपाय सोपा आहे. मेलेले वगळून टाका. यशस्वींच्या आकड्यातूनही आणि एकूण आकड्यातूनही. टक्का फारसा हलणारसुद्धा नाही."

टक्केबाईंना धक्का बसला. धक्का साहेबांच्या बोलण्याचा नव्हता. धक्का हा होता, की आठवड्यापूर्वी कुणी विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. वगळणं हा या धंद्यातला रोजचा शब्द. कुणी गाव सोडून गेला, वगळा. कुणी फोन उचलत नाही, वगळा.

"साहेब, आधी आपण त्यांना यशस्वी म्हणून मोजलं. आता म्हणताय मोजूच नका. निदान मेले, एवढं तरी लिहू या त्यांच्यापुढे. आणि गृहभेटी कायद्याच्या मसुद्यात परत घालू या."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. उद्या विरोधक टपून बसलेत. उपचाराने माणसं मरतात म्हणून बोंब ठोकतील आणि सगळ्यांना परत कोठडीत टाकतील. ते चालेल तुम्हाला?"

हा घाव वर्मी बसला. त्यांनी आयुष्य घातलं होतं त्या कोठड्या रिकाम्या करण्यात. "कोठडीतून सुटलेलेही असेच मरतात," त्या म्हणाल्या. "तेही मी लिहीन. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, साहेब. आज मला कळलं, उद्या दुसऱ्या कुणाला कळेल. मधल्या काळात आणखी किती जण यशस्वी होतील, तेवढाच प्रश्न आहे."

साहेब खुर्चीत मागे रेलले. आवाज गोडच होता. "असा अहवाल दिल्यावर यापुढे तुम्हाला काम कोण देणार, याचा विचार केलाय?"

"केलाय. कुणी नाही देणार." बोलून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

"निदान चौकट तरी गोड लिहा," साहेब म्हणाले.

"चौकट लिहून झालीय. आता वाचून दाखवायला चाललेय. त्या आई हो म्हणाल्या, तर अहवाल उद्या जसाच्या तसा समितीपुढे येईल."

काकूंकडे पडदे अजून झालेच नव्हते. खोलीभर कापड पसरलेलं होतं. टक्केबाई त्याच स्टुलावर बसल्या. वाचताना आवाज फुटू नये म्हणून त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा एकेक शब्द सुटा वाचला.

"या घरातला मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो योजनेत दोनदा आला. पहिल्या वेळी त्याच्या घरी दर आठवड्याला एक बाई येत. एकदा त्याचा श्वास थांबला, पण घरात औषध होतं आणि ते कसं द्यायचं हे आईला शिकवलेलं होतं. तो वाचला. पुढे त्याला अटक झाली, म्हणून आम्ही त्याला अयशस्वी म्हटलं. दुसऱ्या वेळी घरी कुणी आलं नाही, आणि तो मेला. मेलेल्याला अटक होत नाही, म्हणून आम्ही त्याला यशस्वी म्हटलं. गृहभेटी बंद करा, असं या अहवालाच्या लेखिकेनेच सरकारला सांगितलं होतं. ती चूक होती, आणि त्या चुकीने माणसं मेली."

काकूंच्या हातातली कात्री खाली आली. "लेखिका म्हणजे कोण?"

"मी."

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. "तुम्ही तर चौकशी करते म्हणालात."

"तेव्हा मला माहीत होतं. सांगायचा धीर झाला नाही."

"बिस्किटं घेऊन आला होतात तुम्ही!"

"हो."

काकू उठल्या. त्यांनी भिंतीवरची फ्रेम ओढली, तिच्याबरोबर खिळाही निघाला आणि चुन्याचा एक पोपडा कापडावर पडला. फ्रेम दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "म्हणजे हे तो सुधारला म्हणून नाही दिलं."

"नाही."

"मेला म्हणून दिलं." टक्केबाईंनी मान हलवली. काकू खाली कापडावरच बसल्या. "पहिल्या वेळी पकडला ना त्याला, तेव्हा मी म्हटलं होतं, तोंड दाखवू नकोस मला. कितीतरी दिवस बोलले नाही त्याच्याशी. आणि हे आलं तेव्हा मी आरशासारखं पुसत बसले रोज. अहो, पकडला होता तेव्हा जिवंत होता ना तो! धडधडीत जिवंत होता!"

 क्षमा मागायचे शब्द टक्केबाईंनी येताना जिन्यात तयार केले होते. ते त्यांना तिथेच टाकून द्यावेसे वाटले.

काकूंनी नाक पुसलं. "अशीच छापा चौकट. एक अक्षर बदलू नका." मग त्यांची मान एकदम वर झाली आणि त्या छताकडे बघू लागल्या. "वरच्या ताईंचा मुलगा. बस चालवतो तो. परवाच केंद्रातून आला, केक वाटला त्यांनी. त्यांना हे कुणी सांगितलंय?"

"कुणी नाही सांगितलेलं."

"चला मग."

"मी?"

"मी काही तुम्हाला माफ केलेलं नाही. कधी करेन असंही वाटत नाही," काकू म्हणाल्या. "पण मला हे नीट सांगता येणार नाही आणि तुम्हाला येतं. चला, उठा."

टक्केबाईंचे गुडघे तो मजला कसे चढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. वरच्या ताईंनी ओल्या हातांनी दार उघडलं आणि दोघींचे चेहरे बघून गोंधळल्या. "काय झालं हो?"

"मुलगा कुठाय तुमचा?"

"अंघोळीला गेलाय. बराच वेळ झाला खरा."

आतून नळाचा आवाज येत होता. काकू वाटेतलं सगळं तुडवत बाथरूमपाशी गेल्या, दार ढकललं. कडी आतून लावलेली. त्यांनी दोन्ही मुठींनी दारावर मारायला सुरुवात केली, गळ्यातली टेप इकडून तिकडे उडत होती. "उघड! दार उघड रे!" आत नुसतं पाणी वाहत होतं.  इतकी वर्षं टक्केबाईंनी ही बातमी रकान्यांत मोजली होती. या दाराच्या अलीकडे उभं राहिल्यावर माणसाला कसं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याही दारावर आपटू लागल्या, तळहात लाल होईपर्यंत.

नळ बंद झाला.

"काय कटकट आहे!" आतून आवाज आला. "माणसाला धड दाढीसुद्धा करू देत नाहीत या घरात!" दार उघडलं. अर्ध्या गालाला फेस, हातात वस्तरा, आणि कपाळावर आठ्यांचं जाळं. "कोण मेलं एवढं?"

काकू ओल्या लादीवरच बसल्या. "शिव्या घाल, बाबा," त्या म्हणाल्या. "घाल, घाल शिव्या." आणि हसत होत्या की रडत होत्या ते कुणाला कळेना. वरच्या ताई दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या, आणि त्यांना काय सांगायचं हे ठरवायला टक्केबाईंकडे आता शुक्रवारपर्यंतचा वेळ नव्हता, हाच क्षण होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "सगळं सांगते, बसून सांगते. आधी घरात स्क्रूड्रायव्हर आहे का?"

ताईंनी आणून दिला. टक्केबाईंनी आयुष्यात कधी स्क्रूड्रायव्हर धरला नव्हता. त्या दाराची चौकट धरून कशाबशा गुडघ्यांवर बसल्या आणि कडीचा पहिला स्क्रू फिरवू लागल्या.

"अहो, हे काय चाललंय?" तो फेसाच्या गालाने म्हणाला. "मी आता पूर्ण बरा झालोय."

"हो," टक्केबाई म्हणाल्या. "म्हणूनच."